वेसाव्याचं देणं

पिशोरचं पाणी पूर्वेला जातं आणि पिशोरचं बोलणं पश्चिमेला. अंजना नदी पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. आमच्या बांधावरून पावसात वाहून गेलेली माती शेवटी त्या समुद्राच्या वाट्याची. बोलण्याची वाट मात्र उलटी आहे. गावातल्या टॉवरवरून उठलेला शब्द परदेशी जायचा असेल, तर तो जमिनीखालच्या काचेच्या तंतूंतून मुंबई गाठतो आणि बहुधा वर्सोव्याच्या वाळूखालून अरबी समुद्रात उतरतो. दोन समुद्रांशी असं नातं असलेल्या या गावातल्या पुष्कळ माणसांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही. रस्त्याने गेलं तर तो साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे-मागे आहे. मधे घाट आहेत, नाशिक आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत कामधंदा सोडून तिकडे जायला काही कारण नाही.

आमच्या मोठ्या वहिनींचा धाकटा मुलगा कुवेतला असतो. एसी बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम. रात्री जेवणं आटोपली की वहिनी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवतात, पदराने चष्मा पुसतात आणि त्याच्या फोनची वाट पाहत बसतात. कुवेतचं घड्याळ आपल्याहून अडीच तास मागे. तो नुकताच कामावरून आलेला असतो आणि चौघांच्या खोलीत त्याची स्वयंपाकाची पाळी असली की तव्याशी उभा असतो. बोलणं काय असतं? मक्याची सोंगणी झाली का, अद्रकीला काय भाव निघाला, बोअरला पाणी किती आहे, म्हैस आटली की काय. तो तिकडे कांदा चिरतो आणि वहिनी इकडून सांगतात, "जरा जाड चीर, नाही तं करपन." मधे समुद्र आहे हे त्या वेळी दोघांच्याही ध्यानात नसतं.

2025 साली 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाला निघालेला गणपती वहिनी त्याला मोबाईलवर दाखवत होत्या. ढोल-ताशा जोरात, गुलाल उडालेला, आणि एकाएकी पोराचा चेहरा पडद्यावर गोठला. तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले. "भाऊ, दिसू नाही राहिला रे तू. आवाज येऊ ऱ्हायला का?" वहिनींनी मोबाईल उंच धरला, अंगणात नेला, पायरीवर चढून पाहिला. माझी पुतणी म्हणाली, काकू, रेंज फुल आहे. रेंज फुल होतीच. त्याच दिवशी तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्रतळावरच्या केबल तुटल्या होत्या. त्यांतल्या दोन, 'सी-मी-वी-4' आणि 'आय-मी-वी', मुंबईला येणाऱ्या. कुवेतच्या सरकारने सांगितलं की त्यांच्याकडे जाणारी 'फाल्कन' ही केबलही तुटली आहे. तीसुद्धा मुंबईहून निघून आखाती देशांना जोडत जाणारी. भारत, पाकिस्तान, संयुक्त अरब अमिराती, सगळीकडे इंटरनेट मंदावलं. जाणकारांचा अंदाज होता की एखाद्या मालवाहू जहाजाचा ओढत गेलेला नांगर कारण असावा.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना हे समजावून सांगत होतो तेव्हा त्या एकदम थांबल्या. "म्हंजे हे वरून नाही जात?" त्यांनी आभाळाकडे बोट केलं. त्यांचा प्रश्न सगळ्यांचाच आहे. टॉवर उंच, त्यामुळे वाटतं की आवाज आभाळातून जातो. एके काळी ते खरंही होतं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे 1971 मध्ये उपग्रहाशी बोलणारं भूकेंद्र सुरू झालं. तिथली ती प्रचंड थाळी पाहायला शाळांच्या सहली जात. तेव्हा परदेशी बोलायचं म्हणजे कॉल नोंदवून वाट पाहायची, आणि लागला की ओरडून बोलायचं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचावर. शब्दाला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागायचा, म्हणून दोघंही एकदम बोलत आणि दोघंही एकदम गप्प होत. आज खंडांमधला जवळजवळ सगळा संवाद समुद्रतळावरून चालतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते कुवेत हे अंतर तीन हजार किलोमीटर धरलं तरी सेकंदाचा पन्नासावा हिस्सा लागत नाही. कांदा करपण्याआधी आईचा शब्द पोचतो तो यामुळे.

मुंबईत एका ओळखीच्या अभियंत्याच्या टेबलावर मी खोल समुद्रातल्या केबलचा कापलेला तुकडा पाहिला आहे. हातात घेतल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की ही तर आमच्या ठिबकच्या नळीएवढीच आहे. जडपणात मात्र फरक. वरून काळं प्लास्टिक, त्याच्या आत तांब्याची नळी, तिच्या आत पोलादी तारांचा पीळ, आणि अगदी गाभ्यात चिकट जेलमध्ये ठेवलेले केसाच्या जाडीचे थोडेसे तंतू. तांब्यातून वीज जाते. साठ ते शंभर किलोमीटरवर प्रकाशाला पुन्हा बळ देणारं एकेक यंत्र बसवलेलं असतं, त्याला ती वीज लागते, आणि ती किनाऱ्यावरून हजारो व्होल्टच्या दाबाने सोडावी लागते. मी तो तुकडा बोटांनी फिरवत राहिलो. ज्या भागात पाणी चार-चार हजार मीटर खोल आहे तिथे ही नळी उघड्यावरच, तळाच्या गाळावर पडलेली असते. किनाऱ्याजवळ मात्र तिच्यावर जाड पोलादी तारांचं एक-दोन थरांचं कवच चढवतात आणि नांगरासारख्या यंत्राने चर पाडून तिला पुरतात. कारण तिचा धोका खोल पाण्यात नाही. तो उथळ पाण्यात आहे, जिथे माणसं आहेत.

मुंबईला अशी वाट पहिल्यांदा मिळाली 1870 मध्ये. त्याआधी कराचीहून आखातातल्या फावपर्यंत आणि पुढे तुर्कस्तानातून जमिनीवरून जाणारी तार होती. तिच्यावरून संदेश जायला कित्येक दिवस लागत आणि वाटेतल्या कारकुनांच्या हाती तो हवा तसा मोडून पोचे. जॉन पेंडर नावाच्या ब्रिटिश भांडवलदाराने मुंबई ते एडन आणि एडन ते सुएझ अशी केबल टाकायचं ठरवलं. काम 'ग्रेट ईस्टर्न' या जहाजाला दिलं. ब्रुनेल या अभियंत्याने आखलेलं, त्या काळातलं जगातलं सगळ्यांत मोठं जहाज. तारेवर तेव्हा प्लास्टिक नव्हतं. मलायातल्या झाडांचा चीक, गटापर्चा, हेच तिचं वेष्टन. उन्हाने तो मऊ पडू नये म्हणून सबंध जहाजाला पांढरा रंग दिला होता. 1870 च्या फेब्रुवारीत ते मुंबईहून तार सोडत निघालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-लंडन संदेशांची देवाणघेवाण सुरू झाली.

या घटनेचं कौतुक करताना माझं मन नेहमी कापसाकडे जातं. अमेरिकेतल्या यादवीत, 1861 ते 1865, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपल्याची बातमी आली आणि मुंबईचा बाजार कोसळला. पेढ्या बुडाल्या, प्रेमचंद रायचंदांसारखा मातब्बर व्यापारीही त्यात सापडला. केबल आल्यावर लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्याला तासांत कळू लागला. पण पिशोर तेव्हा निजामाच्या मुलखात होतं. कापूस वेचणाऱ्या बाईला तो भाव कोण सांगणार? सगळ्यांत वेगाने जाणारी बातमी सगळ्यांत शेवटी शेतात पोचायची. आज तेवढं तरी पालटलं आहे. आमच्या गावातला अद्रकीचा शेतकरी व्यापारी दारात येण्याआधी चार बाजारांचे भाव मोबाईलवर पाहून बसतो, आणि "नाही परवडत" असं त्याच्या तोंडावर म्हणू शकतो. मला या केबलचं जे अप्रूप आहे त्याचं मोठं कारण हे आहे.

कुवेत म्हटलं की आपल्याला परका देश आठवतो. पण समुद्राच्या हिशेबाने तो शेजार आहे. तिथली गलबतं खजूर घेऊन मुंबईला येत आणि मलबारातून साग नेत. कुवेती व्यापाऱ्यांच्या मुंबईत पेढ्या होत्या. 1961 पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपया चालत होता. म्हणजे आज जे आजोबा आहेत त्यांच्या तरुणपणी तिकडच्या दुकानात आपलंच नाणं.

आमच्या डोंगराळ भागाचं समुद्राशी नातं तर त्याहून कितीतरी जुनं. पिशोर ज्या कन्नड तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, गौताळ्याच्या जंगलात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांहून जुनी. तिथल्या एका खांबावर प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, गांधिकाच्या कुळातल्या मितदेवाचं नाव कोरलेलं आहे; हा खांब त्याचं दान. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि त्या व्यापाऱ्याचं बंदरांवाचून चालणार कसं? इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणांत, 'पेरिप्लस'मध्ये, भडोच बंदराचं वर्णन आहे. तिथे उतरणाऱ्या मालात सुगंधी राळ आहे, आणि दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे असंही तो लिहितो. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या प्रदेशातून भडोचला येई. त्या वाटेवरच्या लेण्यांना ज्यांनी काही दिलं, खांब दिला, भिंत दिली, त्यांची नावं दगडावर राहिली. मितदेवाचं राहिलं. मला ही रीत फार मोलाची वाटते. ज्या वाटेने आपण जातो तिच्यासाठी कुणीतरी काही सोडलं आहे, हे त्या लोकांनी लिहून ठेवलं.

म्हणून मुंबईला गेलो तेव्हा अंधेरीच्या नातेवाइकांकडून वेळ काढून वर्सोव्याला गेलो. नकाशावर वर्सोवा, तिथल्या कोळ्यांच्या तोंडी वेसावे. देशाच्या दूरसंचार प्राधिकरणाने, ट्रायने, दिलेल्या आकड्यांप्रमाणे 2022 च्या अखेरीस भारतात 17 आंतरराष्ट्रीय केबल होत्या आणि त्या मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम अशा पाच शहरांत किनाऱ्याला लागत होत्या. त्यांतल्या बहुतेक मुंबईला, आणि मुंबईतल्याही बहुतेक वर्सोव्याच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात. एवढ्या मोठ्या देशाचं जगाशी बोलणं इतक्या अरुंद जागेतून जातं, हे वाचलं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर ते पटायला वेळ लागला. दिसण्यासारखं काहीच नाही. वाळू, कचरा, क्रिकेट खेळणारी पोरं. केबल किनाऱ्यावर येते तिथे वाळूखाली काँक्रीटचं एक चेंबर असतं, समुद्राची केबल तिथे जमिनीच्या केबलला जोडतात, आणि वर झाकण.

दिसत होतं ते कोळीवाड्याचं गाव. वलांड्यांवर तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले बोंबील, खाडीत दाटीने लागलेल्या होड्या, आणि एका शेडमध्ये मांडीवर जाळं घेऊन बसलेला एक वयस्कर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा दोर अडकवलेला होता आणि उजव्या हातातली सुई इतक्या सराईतपणे फिरत होती की तो बोलताना तिच्याकडे पाहतही नव्हता. फाटलेला भाग हातभर होता. गाठ घालायची, आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मापून ओढायची, पुढची गाठ. मी केबलचा विषय काढला तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. ती त्याच्या रोजच्या समुद्रातली वस्तू आहे.

त्याने जे सांगितलं त्याचा मतलब असा. वेसाव्याची मासेमारी पुष्कळशी डोलीची. डोल म्हणजे समुद्रतळात रोवलेल्या आधाराला बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीने त्यात मासळी शिरते. ती जागा ठरलेली असते, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली. केबल टाकायची तर जहाजाला आखलेली वाट मोकळी लागते आणि त्या वाटेत डोली असतील तर काढाव्या लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, म्हणून केबलचं किनाऱ्याजवळचं काम पावसाळा सोडूनच करता येतं. मासेमारीचाही हंगाम तोच. जून-जुलैत सरकारची बंदी, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या बाहेर पडायच्या, आणि ज्या महिन्यांत चार पैसे हाती यायचे त्याच महिन्यांत अमुक ते अमुक अंतरात जाळी टाकू नका म्हणून सूचना. "कागदावर रेघ दाखवतात आम्हाला," तो म्हणाला. "जाळं आम्ही कागदावर नाय मारीत, पाण्यात मारतो."

यावर मी काही बोललो नाही. काय बोलणार? ज्या रेघेबद्दल तो बोलत होता तिच्या दुसऱ्या टोकाला आमच्या वहिनी होत्या.

जगभरात दरवर्षी दीडशे ते दोनशे वेळा अशा केबल कुठे ना कुठे तुटतात किंवा बिघडतात आणि त्यांतल्या बहुतांश वेळी कारण मासेमारीची जाळी किंवा जहाजांचे नांगर असतं. हा आकडा सांगताना कोळ्यांकडे बोट दाखवणं सोपं आहे, आणि ते दाखवलंही जातं. पण नांगर मोठ्या जहाजांचे असतात. 2024 च्या फेब्रुवारीत 'रुबीमार' नावाच्या मालवाहू जहाजावर येमेनजवळ हूती बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं. खलाशांनी नांगर टाकून जहाज सोडलं, ते बुडण्याआधी वाहत गेलं, आणि त्या नांगराने तळावरच्या तीन केबल तोडल्या असं मानलं जातं. त्यांतल्याही काही मुंबईला येणाऱ्या. युद्धाच्या टापूत दुरुस्तीचं जहाज जाणार कसं, त्यामुळे काम महिनोन्‌महिने रखडलं. दुरुस्ती म्हणजे तरी काय? जहाजाने आकडा सोडून तळावरून केबल धरायची, वर ओढायची, खराब भाग कापायचा, आणि डेकवरच्या खोलीत बसून एकेक तंतू वितळवून नव्या तुकड्याला जोडायचा. जाळं सांधणाऱ्या त्या तांडेलाचा हात आणि हा हात यांत मला तरी मोठा फरक दिसत नाही. असं दुरुस्तीचं एकही जहाज भारताच्या झेंड्याखाली नाही, हे ट्रायने 2023 च्या शिफारशींत लिहिलं आहे. बाहेरच्या जहाजाला बोलवायचं, परवानग्यांची वाट पाहायची. इतक्या मोठ्या देशाला हे शोभत नाही. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा असताना सगळा भार एका चौपाटीवर ठेवणंही शहाणपणाचं नाही. उद्या तिथे काही झालं, तर पिशोरच्या टॉवरवर रेंज फुलच असेल आणि पलीकडून कुणी बोलणार नाही.

पण माझं मुख्य म्हणणं जहाजांबद्दल नाही, वेसाव्याबद्दल आहे. आम्ही घाटावरची माणसं पाण्याच्या बाबतीत हिशेब चोख ठेवतो. वरच्या धरणातून किती सुटलं, कुणाची जमीन बुडाली, कुणाला मोबदला मिळाला, यावर मराठवाड्यात मोर्चे निघतात आणि निघायलाच हवेत. धरणग्रस्त हा माणूस आपल्याला ओळखीचा आहे. समुद्रात ज्याची जागा गेली तो माणूस मात्र आपल्या हिशेबात येत नाही, कारण त्याच्या जागेला सातबारा नाही. डोलीची जागा कोळ्याला तोंडपाठ असते. सरकारी दप्तरात ती सापडेल तेव्हा खरी. मग भरपाई मिळते ती मेहेरबानी म्हणून. ती हक्काची व्हायला हवी. केबलची वाट आखतानाच कोळ्यांच्या सोसायट्यांना नकाशासह, मराठीत, बोलावलं पाहिजे. टाकलेल्या प्रत्येक केबलची नेमकी जागा प्रत्येक होडीवरच्या जीपीएसमध्ये आयती भरून दिली पाहिजे, म्हणजे जाळंही वाचेल आणि केबलही.

हे सगळं घरी आल्यावर वहिनींना सांगितलं. वाळूखालचं चेंबर, बोंबील, तांडेलाची सुई. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्यांचा प्रश्न आला तो शेतमजुरांना रोजंदारी वाटणाऱ्या बाईचा. जाळं बंद राहिलं तेवढे दिवस होडीच्या मालकाला पैसे मिळाले असतील, पण होडीवर कामाला जाणाऱ्यांचं काय? ते तर मासळीच्या वाट्यावर असतील, नाही का? मी म्हटलं, खलाशाला पुष्कळ ठिकाणी वाटाच असतो. मासळी नाही तर वाटा नाही. भरपाई होडीच्या नावाने मोजली, तर त्याच्यापर्यंत ती पोचेलच असं नाही. "मंग ते आधी लिहा," वहिनी म्हणाल्या. "मालकाचं मालक पाहून घेईन." तेवढ्यात कुवेतचा फोन वाजला आणि त्या चष्मा पुसायला लागल्या.